भेंडवाडीचं बूथ आणि दुबई शाखा

गुणवंत भुवडला दुबईतल्या जबल अलीच्या कामगार कँपात सगळे 'आमदार' म्हणायचे, आणि त्याला ते खरं वाटायचं. इथूनच सगळा घोळ सुरू झाला. गोदामात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या माणसाला चारचौघं आमदार म्हणत असतील, तर त्यानं ओळखावं की आपली फिरकी चाललीय. पण ओळखेल तो गुणवंत कसला! आता तो स्वतःच कपाळावर हात मारून सांगतो, "मला हरभऱ्याच्या झाडावर कुणी चढवलं नाही हो. झाड मीच लावलं आणि चढलो पण मीच."

या आमदारकीची सुरुवात संडासापासून झाली. खोलीत दोन्ही भिंतींना दुमजली पलंग, आणि न्हाणीघर-संडास कुणी साफ करायचा यावरून रोजची जुंपायची. एका शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, गुणवंतनं सभा घेतली आणि खोलीचे चक्क प्रभाग पाडले. दाराचा प्रभाग, खिडकीचा प्रभाग आणि एसीखालचा प्रभाग. खिडकीवाल्यांनी बोंब मारली, आमच्यात डोकी कमी, पाळी लवकर येते. मग यानं हद्दी बदलल्या आणि एसीखालचा एक पलंग खिडकीला जोडून दिला. पाळ्यांचा कागद दाराला आतून चिकटवला, आणि त्यावर सगळ्यात वर स्वतःचं नाव लिहिलं. "पुढाऱ्यानं आधी झाडू हातात घ्यावा," असं वर भाषणही ठोकलं. जहूर परकार वरच्या पलंगावरून म्हणाला, "घे मग आजपासून." तेव्हापासून त्या दाराला 'विधानसभा' नाव पडलं.

हा जहूर म्हणजे गुणवंतच्या गावाकडचाच, फक्त खाडीच्या पलीकडचा. अलीकडे भेंडवाडी, पलीकडे पिंपळवळ. पिंपळवळ हा मोठा गाव, बाजार तिथे, दवाखाना तिथे, आणि पूर्वी मतदान केंद्रही तिथेच. मत द्यायचं तर तरीत बसून खाडी ओलांडायची. पुरुष जायचे, कारण पलीकडे चहा-भजी मिळायची. बायका म्हणायच्या, चिखल तुडवून साडी कोण भिजवणार, आणि घरीच राहायच्या. गुणवंत तेव्हा मिसरूड फुटलेला, मॅट्रिकला दोनदा गचकलेला. करायला दुसरा उद्योग नव्हता म्हणून तो तालुक्याला खेटे घालायला लागला. मतदाराला नदी-नाला ओलांडावा लागू नये, वस्तीत पुरेसे मतदार असतील तर केंद्र वस्तीतच हवं, हे नियम त्यानं तिथल्या एका भल्या कारकुनाकडून पाठ करून घेतले. चपला झिजल्या, पण भेंडवाडीच्या शाळेत बूथ आलं.

त्या वर्षी त्याच्या आईनं, ठकुबाईनं, जन्मात पहिल्यांदा मत दिलं. तेव्हापासून मतदानाच्या दिवशी दार उघडायच्या आधी शाळेच्या पायरीवर ठकुबाई हजर. ठेवणीतलं लुगडं, केसात अबोलीचा वळेसर, आणि येईल त्याला एकच वाक्य, "माज्या ल्येकानं आनलेलं बूथ हाय ह्ये." बोटाची शाई पुसू नये म्हणून त्या दिवशी भांडीसुद्धा घासायची नाही. पुढे गुणवंतनं कोंबड्या पाळल्या, त्या मेल्या. कलमं लावली, ती गुरांनी खाल्ली. शेवटी त्यानं दुबईचं विमान पकडलं. जन्माला येऊन एक काम काय ते धड केलं होतं, ते म्हणजे हे बूथ. आईनंही मुलाच्या बाकीच्या पराक्रमांवर पांघरूण घालून तेवढं एकच गावभर मिरवलं. मधल्या काळात ती परसात घसरून पडली. खुबा मोडला तो नीट जुळलाच नाही, काठी आली. शाळा मात्र अंगणाला लागून, त्यामुळे मतदान काही चुकलं नाही.

तर झालं असं, की अठ्ठ्याण्णव साली जहूर सुट्टीवरून परत आला आणि त्यानं सुके बोंबील आणले. बोंबील वर्तमानपत्रात गुंडाळलेले. बोंबील तव्यावर गेले आणि कागद गुणवंतच्या हाती लागला. त्यावर बातमी होती, की मतदान केंद्रांचा आकार नव्यानं ठरवायच्या हालचाली चालू आहेत, आणि फार कमी मतदारांची केंद्रं शेजारच्या केंद्रात मिळवली जातील. बातमीचा पुढचा भाग तेलात भिजून बोंबलाबरोबर फाटला होता. कदाचित त्यातच 'शक्यता आहे', 'विचार चालू आहे' असं काहीतरी लिहिलेलं असेल. पण गुणवंतला अर्धी बातमी पुरली.

"जहूर, आपलं बूथ गेलं!"

"गेलं कुठे? मी परवा शाळेवरून आलो. जाग्यावर आहे."

"अरे, भेंडवाडीचा आकडा काठावर आहे. नियम बदलला तर पहिला बळी आपला. आई काय तरीत चढणार आहे का या पायानं?"

"कुणी काही विचारलंय का तुला? गप बस. पाण्यात दगड मारायचा आणि मग पाणी गढूळ झालं म्हणायचं!" जहूर बोंबील उलटत म्हणाला.

हे शहाणपण तेव्हाच ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आमच्या माणसाला 'गप बस' म्हटलं की हमखास तोंड फुटतं. त्यातून आईचा पाय म्हटल्यावर तर त्याला दुसरं काही सुचेना. भीती खरी होती, यात खोट नाही. तिच्यावर चढवलेला साज तेवढा गुणवंतचा.

पुढच्या शुक्रवारी हमरियापासून जबल अलीपर्यंत जिथे जिथे भेंडवाडीचा माणूस होता, तिथून तो मेसच्या मागच्या शेडखाली गोळा झाला. सुकटीचं कालवण आणि भात झाला, मग सभा. कोकणातल्या कुठल्याही वाडीचे चार लोक घराबाहेर पडले की पाचवी गोष्ट निघते ती मंडळ. मुंबईला मंडळ होतंच. आता निघाली 'भेंडवाडी बूथ बचाव समिती, दुबई शाखा'. मुख्य शाखा कुठे, हे कुणी विचारलं नाही. ती नव्हतीच.

समिती म्हटली की लेटरहेड आलं, आणि लेटरहेड म्हटलं की शिक्का आला. गुणवंतनं शहरातल्या बर दुबई भागात जाऊन एका मलबारी दुकानदाराकडून गोल शिक्का करून घेतला. मधे कलश, भोवती 'जबल अली, दुबई, यू.ए.ई.'. "चाळीस दिरहम? म्हणजे साडेचारशे रुपये! एवढ्यात माझं कुटुंब आठवडाभर मासळी खाईल," जहूर करवादला. गुणवंतनं शिक्क्यावर फुंकर मारली आणि आपल्याच तळहातावर उमटवून पाहिला. झकास उठला होता.

अर्ज कॉम्प्युटरवर टाइप करायला तो अल मनखूलला प्रकाश साहेबांकडे गेला. प्रकाश हे त्याच्याच कंपनीच्या ऑफिसातले इंजिनिअर, पुण्याचे, स्वभावानं मऊ. त्यांच्याकडे मराठी फाँट होता, आणि त्यांच्या बायकोच्या, छायाताईंच्या हातचा चहा होता. त्यांचा तन्मय कॉम्प्युटरवर गेम खेळत होता. त्याला उठवला तर तो म्हणाला, "बट बाबा, आय वॉज विनिंग!" गुणवंत मनात म्हणाला, बाळा, आता बघ खरं विनिंग.

मजकूर सांगत होता गुणवंत आणि टाइप करत होते प्रकाश. "आम्ही खाली सही करणारे, गेली अनेक वर्षे संयुक्त अरब अमिरातीत वास्तव्यास असलेले भेंडवाडीचे मतदार..."

प्रकाश थांबले. "भुवड, अर्ज गावातल्या लोकांच्या सहीनं गेला तर जास्त बरं नाही का? इथले पत्ते कशाला?"

"साहेब, तुम्ही पुण्याचे, तुम्हाला कोकणातलं नाही कळायचं. वाडीतल्या माणसाचा अर्ज टेबलाखाली जातो. दुबईचं पाकीट बघितलं की साहेब खुर्चीतून उठतो! प्रत्येक सहीखाली कंपनीचं नाव आणि पोस्ट बॉक्स नंबर पाहिजेच पाहिजे."

"ठीक आहे. गाव तुमचं," म्हणून प्रकाशनी पुढे टाइप केलं.

एवढ्यावर भागलं असतं तर गुणवंत कसला! दुसऱ्या परिच्छेदात त्यानं वाडीची प्रगती घातली. आम्हा दुबईकरांच्या वर्गणीतून वाडीला रस्ता झाला असून आता गाडी थेट पुलावरून पिंपळवळला जाते, असं ठसक्यात लिहवलं. खरं म्हणजे नवा पूल होता लांब वरच्या अंगाला, आणि तो रस्ता असा होता, की बाजाराच्या दिवशी एक जीप गुरगुरत यायची, ती चढणीला बायकांना उतरवायची आणि ढकलायला लावायची. पण दुबईत बसून खड्डे दिसत नाहीत. 'उंटावरचा शहाणा' ही म्हण गुणवंतनं लहानपणापासून ऐकली होती. उंटांच्याच मुलखात येऊन आपण ती खरी करतोय, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

हमरियाच्या पोरांनीही सह्या ठोकल्या. वाडीतले झाडून सगळे आले. जहूर तेवढा राहिला, कारण त्याचं नाव पिंपळवळच्या यादीत होतं. "मला नको तुमच्या राजकारणात," म्हणाला आणि कांदा चिरत बसला. तालुक्याला एक प्रत, जिल्ह्याला एक, सगळं रजिस्टर पोस्टानं. पाकिटावर शिक्का, पाकिटाच्या पाठीवर शिक्का, आणि हौस म्हणून तिकिटाच्या बाजूलाही एक.

त्यानंतर काही आठवडे गुणवंत जमिनीला पाय न लावता चालला. फोर्कलिफ्टवर बसला तरी मानेत एक ताठा. कुणी "काय आमदार, काम झालं का?" विचारलं की हात हलवून म्हणायचा, "इन्शाल्ला, वरपर्यंत पोचलंय."

पोचलं होतंच. एका शुक्रवारी त्यानं कँपातल्या फोनच्या रांगेत उभं राहून वाडीतल्या दुकानात फोन लावला. बायको, प्रमिला, ठरल्या वेळी तिथे येऊन बसायची.

"अहो, तलाठी आले होते! तुमचं पत्र हातात घेऊन," ती म्हणाली.

"बघितलंस? मी काय म्हटलं होतं!" गुणवंतनं मागच्या रांगेकडे वळून अंगठा दाखवला. "मग? काय म्हणाले?"

"घरोघर फिरले. एकेक नाव वाचायचे आणि विचारायचे, हे कुठे असतात? आम्ही सांगितलं, दुबईला. आणि हे? दुबईला. आणि हे? तेही दुबईला. सगळ्या बायकांनी कसं झोकात सांगितलं बघा. चहापाणी केलं, फरसाण दिलं. मग म्हणाले, किती वर्षं झाली? तेही सगळं सांगितलं."

"मग?"

"मग ते लिहून घेऊन गेले."

गुणवंतचा अंगठा हळूहळू खाली आला. तालुक्याच्या त्या भल्या कारकुनानं शिकवलेला आणखी एक नियम आत्ता, इतक्या वर्षांनी, डोक्यात टण्णकन वाजला. माणूस जिथे राहतो तिथेच त्याचं नाव यादीत असतं. त्याला हा नियम माहीत नव्हता असं नाही हो! चांगला पाठ होता. पण तो आपल्याला लागू आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. आपण राहतो भेंडवाडीला. दुबईत आपण फक्त असतो.

सरकारला हा फरक कळला नाही. रीतसर नोटिसा निघाल्या, शाळेच्या भिंतीला चिकटल्या. हरकत घ्यायची तर माणूस हजर पाहिजे, आणि माणसं तर कंटेनर उतरवत होती. पुरावा भक्कम होता. प्रत्येकानं स्वतःच्या सहीनं, पोस्ट बॉक्स नंबरासकट, वर शिक्का मारून लिहून दिलं होतं की आम्ही इथे राहत नाही. नावं कापली गेली. काठावरचा आकडा काठावरून खाली पडला. आणि खाडी मधे येते हे खरं, पण अर्जदारांनीच कळवल्याप्रमाणे पुलावरून गाडीचा रस्ता उपलब्ध असल्यामुळे, भेंडवाडीचं केंद्र पिंपळवळच्या केंद्राला जोडण्यात आलं.

कुणी मागितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोन दिवसांनी कँपात सुरू झालं. "आमदार, माझं नाव शोधून द्या हो, कुठे पडलंय का बघा." "आमदार, पुढचा अर्ज कशासाठी? माझं रेशनकार्डपण घालवून टाका." हमरियाचा दगडू तर खास बस बदलून शिव्या द्यायला आला, भरपेट दिल्या आणि जेवून गेला. गुणवंतनं सगळं ऐकून घेतलं. उलट त्यांना आणखी शिव्या सुचवल्या. त्यानं तो शिक्का स्वतःच्या कपाळावर उमटवला आणि म्हणाला, "घ्या, हा बघा दुबई शाखेचा गाढव." सगळे पोट धरून हसले. हसत नव्हता तो फक्त जहूर. त्याला कळत होतं, की हा ज्याला घाबरतोय ती शिवी अजून आलेली नाही.

ती यायची होती ठकुबाईकडून. आणि ती बया काही बोलेचना. शुक्रवारच्या फोनवर विचारायची, जेवलास का, उन्हाळा फार हाय का, अंगात बंडी घालतोस का. बूथचा ब नाही. एकदा फाडकन शिव्या दिल्या असत्या तर गुणवंत सुटला असता. पण गावभर मिरवलेलं एकुलतं एक कर्तृत्व मुलानं स्वतःच्या हातानं खाडीत बुडवलं, त्यावर ती बाई काही म्हणतच नव्हती.

नव्व्याण्णवच्या पावसाळ्याच्या शेवटी निवडणुका लागल्या. गुणवंतनं धीर करून विषय काढला. "आये, यंदा राहू दे. तो रस्ता काही खरा नाही. तरीत तुला चढता यायचं नाही. एका मतानं काय होतंय?"

"बरं," ठकुबाई म्हणाली. इतक्या पटकन ती आयुष्यात कशालाच बरं म्हणाली नव्हती. गुणवंतला त्यातच काय ते समजायला हवं होतं.

मतदानाच्या दिवशी त्याचं कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी अंघोळही न करता तो फोनच्या रांगेत उभा राहिला. शेवटी नंबर लागला, आणि फोन प्रमिलानं नाही, खुद्द ठकुबाईनं घेतला.

"दिलं रं मत!"

"आये! गेलीस कशी?"

"खुर्चीत बसून. तू सुट्टीत आनलेल्या त्या पांढऱ्या पलाष्टिकच्या. पोरांनी खुर्ची उचलून तरीत ठेवली, मी आपली वर बसले म्हाराणीवानी. पल्याड जहूरची आई, नूरजहाँ, धक्क्यावर छत्री घेऊन उभी व्हती. तिनं चार मानसं आनली व्हती, त्यांनी पार केंद्रापत्तूर न्हेली. वाडीच्या समद्या बाया आल्या मागनं. सगळ्यांची लुगडी भिजली."

गुणवंतच्या मागे उभा असलेला माणूस "यल्ला भाई, यल्ला" करायला लागला. गुणवंतनं त्याला हातानं थोपवलं. हसावं की रडावं कळत नव्हतं, म्हणून तो दोन्ही करत होता.

"आये, माझं चुकलं गं. मी नको तो शहाणपणा केला आणि तुझं बूथ घालवलं."

"बूथाचं काय घिऊन बसलायस? आनशील परत. तुला काय दुसरा धंदा हाय?" ठकुबाई म्हणाली. "पन येक सांग. मी त्या साहेबाला म्हटलं, माज्या ल्येकाचं नाव बघा. तो म्हनला, न्हाय आजी. म्हटलं, नीट बघा, गुनवंत सखाराम भुवड, ह्ये बूथ त्यानंच आनलं व्हतं. तो म्हनला, ते हितं ऱ्हात न्हाईत, म्हून नाव काढलं. दुबईला ऱ्हात्यात. म्हटलं, बरं, मग तिथल्या यादीत घातलं आसंल. तर तो माज्याकडं बघतच ऱ्हायला." तिचा आवाज खाली आला. "गुना, तिथं तरी हाय न्हवं रं तुजं नाव?"

पाठ असलेले सगळे नियम गुणवंतनं एकदा मनात उलटेपालटे करून पाहिले. त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

"आहे ना, आये," तो म्हणाला.

"खरं?"

"खरं. सगळ्यात वर आहे. मोठ्या अक्षरात. दारालाच लावलंय."

"मग झ्याक झालं," ठकुबाई म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडलेला त्याला तिकडून ऐकू आला. "मला उगाच वाटलं, माजं पोर कुठलंच ऱ्हायलं न्हाय की काय."

फोनचं कार्ड संपलं. गुणवंत खोलीवर आला. जहूरनं पलंगावरून विचारलं, "काय म्हणाली?" गुणवंतनं दार लावून घेतलं. पाळ्यांचा कागद अजून दारावर तिथेच होता, कडा पिवळ्या पडलेल्या, सगळ्यात वर गुणवंत सखाराम भुवड. त्या दिवशी पाळी एसीखालच्या प्रभागाची होती, त्याच्या दाराच्या प्रभागाची नव्हे. तरी त्यानं झाडू घेतला आणि न्हाणीघरात गेला.